गोठ्याच्या भिंतीवरच्या तारखा

पाट मांडून अर्धा तास झाला तरी विठाबाई काही स्वयंपाकघरातनं हलेना.

बाहेर नव्या घराच्या हॉलमध्ये वास्तुशांतीची तयारी पुरी झाली होती. कलश भरले होते, सुपाऱ्या मांडल्या होत्या, होमाच्या विटा रचल्या होत्या आणि गुरुजी दर दोन मिनिटांनी मनगटावरचं घड्याळ बघत होते. चौगुल्यांच्यात रिवाजच असा की थोरलं जोडपं हयात असताना धाकट्यांनी पहिल्या पूजेला बसायचं नाही. घर बांधलं विश्वजितनं, पण पाटाचा मान त्याच्या आईबापाचा. केरबा पितांबर नेसून, खांद्यावर उपरणं टाकून केव्हाचा बसला होता. शेजारचा पाट मोकळा होता, आणि उचगावातली पन्नास-साठ माणसं त्या मोकळ्या पाटाकडं बघत होती.

विठाबाई ओट्याशी उभी राहून कोथिंबीर निवडत होती. कोथिंबीर कालच निवडून झालेली. निवडलेलीच परत निवडत होती बाई.

"आत्ती, चला ना आता," सून निशिगंधा तिसऱ्यांदा म्हणाली. "गुरुजी खोळंबलेत."

"तुमी दोघं बसा. तू आन विश्वा."

"आबा ऐकायचे नाहीत. तुम्हाला माहीत नाही का?"

"मग त्यास्नी एकट्याला बसू दे. शेजारी सुपारी ठेवा म्हणावं."

दारातनं आत येत असलेली क्रांती हे ऐकून जागीच थांबली. पेठ वडगावला दिलेली ही लेक, कालच मुक्कामाला आलेली. "आई! मेलेल्या बायकोच्या जागी सुपारी ठेवत्यात. जित्तेपणी काय सांगालीस हे?"

विठाबाईनं कोथिंबिरीची काडी मोडली.

मग क्रांतीचा मोर्चा वहिनीकडं वळला. "वैनी, काय बोललासा तुमी तिला?"

"मी? मी काय बोलणार?"

"मग ती लाल खुर्ची कुणी आणली? जुन्या घरात आठ माणसं बसतील असला सोफा, आन माझ्या आईला प्लास्टिकची खुर्ची. मला दिसत न्हाय व्हय?"

निशिगंधाचा चेहरा पडला. खुर्चीचं खरं होतं. दिवाळीच्या आधी एकदा सोफा झाडताना तिला वास आला होता. तिनं खोळ धुतली, आठ दिवसांनी पुन्हा तोच वास. फिनेल टाकून फरशी पुसली तरी घरात तो राहायचाच. आजऱ्याला आईला फोन लावून ती म्हणाली होती, "सासूबाईंना स्वच्छतेचं काही नाही गं." आणि दुसऱ्या दिवशी बाजारातनं लाल खुर्ची आणून म्हणाली, "आत्ती, तुमच्या कमरेला हीच बरी." सासूनं वर मान करून एकदा बघितलं आणि काही न बोलता ती त्या खुर्चीत बसायला लागली. भांडली असती तर बरं झालं असतं. एक चकार शब्द काढला नाही, हेच निशिगंधाला तेव्हापासून टोचत होतं. टोचत होतं, पण विचारलं तिनंही नाही.

"विचार की त्यांनाच," ती क्रांतीला म्हणाली, पण आवाजात जोर नव्हता.

तेवढ्यात विश्वजित आत आला. घामानं सदरा पाठीला चिकटलेला. "आई, हद्द झाली आता. मला कळतंय तू का अडून बसलीस ते. अंबूकाकीला बोलावलं म्हणून ना?"

विठाबाईचा हात थांबला.

"सात वर्सं झाली. भिंतीला भिंत लागून घरं, आन एकमेकींचं तोंड बघायचं न्हाय! मी म्हटलं नव्या घरात तरी सगळी एकत्र जेवतील. तर तुझं हे!" तो थांबला, मग आवाज खाली आणून म्हणाला, "काकीला सांगू का घरला जायला? म्हणजे बसशील पाटावर?"

आता इथं विठाबाईनं 'नको' म्हणायला हवं होतं. शब्द जिभेवर आलाही होता. पण नको म्हटलं तर पुढचा प्रश्न येणार, मग का बसत न्हाईस? आणि त्याचं उत्तर तिच्या पातळाच्या आत, तीन पदरी दुमडलेल्या जुन्या धडप्यात होतं. काल संध्याकाळपासून तिनं पाण्याचा थेंब घेतला नव्हता, तरी ते धडपं भिजलं होतं. "साडेतीन तास धरा," गुरुजींनी काल सांगितलं होतं, "आणि एकदा संकल्प सोडला की मधनं उठायचं नाही, काकी."

तिनं पुढची काडी उचलली. पोरानं तिच्या गप्प राहण्याचा अर्थ होय असा घेतला आणि तो बाहेर गेला.

*

दाराजवळ भिंतीला टेकून बसलेल्या अंबूबाईनं हे सगळं ऐकलं होतं. नव्या घरात सामान नसलं की आवाज घुमतो, खाजगी असं काही राहत नाही. अंबूबाई म्हणजे केरबाच्या धाकट्या भावाची बायको, विठाबाईची जाऊ. नवरा जाऊन साडेसात वर्षं झालेली. विधवा बाईनं शुभकार्यात पुढं पुढं करू नये म्हणून ती मुद्दाम दाराशी बसली होती. येताना पुतण्याच्या घरासाठी तांब्याचा हंडा घेऊन आली होती, तो अजून पिशवीतच होता.

थोरली का अडली हे अख्ख्या घरात एकट्या अंबूबाईला ठाऊक होतं.

नऊ वर्षांमागं गावच्या शाळेत बायकांचं तपासणी शिबिर भरलेलं. दोघी जावा बाकी बायकांबरोबर गंमत म्हणून गेल्या. पडद्यामागनं विठाबाई बाहेर आली ती चेहरा पांढराफटक घेऊन. क्रांती जन्मली त्या बाळंतपणापासून तिचं अंग बाहेर येत होतं, गर्भाची पिशवी खाली सरकलेली. शेणाची पाटी उचलली, दुधाची किटली उचलली की जास्तच. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ऑपरेशन करून घ्या. ही म्हणाली, पोरीचं लगीन झाल्यावर. मग बाईंनी तात्पुरती एक रबरी कडी आत बसवून दिली, पिशवीला टेकू म्हणून. आणि बोट नाचवून सांगितलं, दर तीन महिन्यांनी यायचं. काढायची, धुवायची, आतलं तपासायचं, मगच परत बसवायची. विसरलात तर कडी आतच रुतेल.

"कुणाला सांगशील तर बघ," शाळेच्या फाटकाशी विठाबाई म्हणाली होती. "जोतिबाची आण घे."

अंबूबाईनं आण घेतली. मग दर तीन महिन्यांनी दोघी घरी सांगायच्या, अंबाबाईला जाऊन येतो. बसनं कोल्हापूर, आधी दवाखाना, मग देवीचं दर्शन, मग भेळ खाऊन परत. केरबा कौतुकानं म्हणायचा, आमच्या बायका लई भक्त झाल्यात. बसमध्ये दोघी पदर तोंडात कोंबून हसायच्या. तसले दिवस पुन्हा आले नाहीत.

क्रांतीचं लग्न झालं. ऑपरेशन काही झालं नाही. कधी म्हैस व्यायची, कधी उसाला तोड यायची. खोकलं तरी लघवीचा थेंब जायला लागला तसं अंबूबाईचं टाळकं सरकलं. एके दिवशी गोठ्यात म्हशीचं मायांग बाहेर आलं. केरबानं पळापळ करून जनावरांचा डॉक्टर आणला, स्वतः गुडघ्यावर बसून म्हशीला मागनं धरून राहिला. चार गडीमाणसं उभी. आणि अंबूबाई सगळ्यांदेखत बोलून गेली, "म्हशीचं अंग बाहेर आलं तर घटकाभरात डॉक्टर येतो. घरातल्या बाईला कवा न्हेणार, भावजी?"

"का? काय झालंय तिला?" केरबानं विचारलं.

सगळ्यांनी विठाबाईकडं बघितलं. आणि विठाबाई म्हणाली, "मला काय झालंय? नवरा गेल्यापासनं हिचं डोस्कं ठिकाणावर न्हाय. कायबी बरळती."

नवरा जाऊन पाच महिने झाले होते. अंबूबाई त्याच पावली घरी गेली, आणि दोन्ही घरांमधलं दार त्या दिवसापासून बंद झालं.

ह्यात अंबूबाईची काही चूक नव्हती असं कुणीही म्हणेल. ती स्वतः मात्र म्हणत नव्हती. कारण तीन महिने झाले की तिला आठवण यायची. आज जायचा दिवस होता. एकटीला बस कळायची नाही थोरलीला, दवाखान्यात चिठ्ठी कुठं काढायची ते कळायचं नाही. आठवण यायची आणि अंबूबाई स्वतःला सांगायची, मला येडी ठरवलंय नव्हं, मग बस आता. असे किती तीन महिने गेले त्याचा हिशेब तिनं ठेवला नाही. ठेवायची छाती नव्हती.

विश्वजित स्वयंपाकघरातनं बाहेर आला आणि तिच्यासमोर नुसताच उभा राहिला. पोरगं लाजलं होतं.

पाटावरनं केरबाच बोलला. मोठ्यानं, त्याच्या सवयीप्रमाणं. "अंबू, तू आज घरला जा. ताट मागनं लावून देतो. पूजा व्हऊ दे सुरळीत."

अंबूबाईनं पदर सावरला. खरं सांगून टाकावं असं क्षणभर वाटलं. आण मोडली तर जोतिबा काय करेल याची तिला भीती नव्हती. पुन्हा चारचौघांत खोटी पडायची भीती होती.

"जातो की बाबा," ती म्हणाली. "माझ्यापायी कशाला अडायला पायजे? ह्यो हंडा तेवढा ठेवून घे, विश्वा." आणि दाराबाहेर साठ माणसांच्या चपलांत ती आपली चप्पल हुडकायला लागली. डोळे भरल्यानं तिला एकही चप्पल धड दिसत नव्हती.

"अंबू, थांब."

विठाबाई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. हातात अजून कोथिंबिरीची काडी.

"ती कुठं जाणार न्हाय," ती म्हणाली. आवाज कापत होता, पण ऐकू सगळ्यांना येत होता. "मी तिच्यावर रागावून अडून बसलेलो न्हाय. मला लघवी धरवत न्हाय. आधी शिंकलं तर जायची, आता दिवसभर गळती. अंगावरनं घाण जाती, पिवळी, कधी रगत लागतंय. वास मारतोय मला, माझा मलाच. साडेतीन तास बसलो तर पाट भिजंल. म्हणून बसत न्हाय."

केरबाचं तोंड उघडं राहिलं. "अगं, हितं... सगळ्यांदेखत..."

"मग कुठं सांगू? तुमी गोठ्यात झोपता."

मागं बसलेल्या बायकांपैकी तिघीचौघींनी माना खाली घातल्या, आणि त्या विठाबाईच्या शरमेनं घातल्या असं कुणी समजू नये.

"सात वर्सांमागं अंबू खरं बोलल्याली," विठाबाई पुढं म्हणाली. "मी तिला येडी ठरवली. शरम वाटली म्हणून. तिच्या नवऱ्याचं वर्ससुदा झालं नव्हतं, आन मी तसलं बोललो. आज परत तिला घालवून दिऊन मला ह्या घरात ऱ्हायचं न्हाय."

अंबूबाई एका पायात चप्पल घालून उंबऱ्यात उभी होती. माफीचं तिच्या डोक्यातही आलं नाही. तिला वेगळंच काही आठवलं. "आक्का," तिनं विचारलं, "ती कडी?"

"आतच हाय."

"कवापासनं?"

"तुझ्यासंगं शेवटचं गेलतो तवापासनं."

"आई अंबाबाई!" म्हणत अंबूबाई तिथंच चपलांच्या राशीत खाली बसली.

*

पूजेला विश्वजित आणि निशिगंधा बसली. "रिवाज काय देवानं लिहून दिला न्हाय," हे विठाबाईचं वाक्य, आणि आश्चर्य म्हणजे गुरुजींनीच मान डोलावली. पाटावर बसायच्या आधी निशिगंधा सासूजवळ गेली, तिच्या हातातनं ती कोथिंबिरीची काडी काढून घेतली आणि म्हणाली, "आत्ती, खुर्चीचं..."

"ऱ्हाऊ दे," विठाबाई म्हणाली. "कमरेला खरंच बरी हाय ती."

क्रांतीनं गाडीची किल्ली घेतली. मागं दोघी जावा, पुढं केरबा, तसाच पितांबरात. कोल्हापूरच्या त्या दवाखान्यात माणसं त्याच्याकडं वळून बघत होती. एक पोरगी म्हणालीसुद्धा, कुणाचं लगीन हाय?

दीड तासानं डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. तरुण होत्या, क्रांतीच्याच वयाच्या. विठाबाईला भूल देऊन त्यांनी कडी काढली होती. "कडीवर मांस वाढलं होतं," त्या म्हणाल्या. "कापूनच काढावी लागली. इतकी वर्षं घासून घासून मूत्राशयाच्या भिंतीला भोक पडलंय, म्हणून सतत गळतंय. आत जखमा आहेत. जखमेचा तुकडा तपासायला पाठवलाय."

"म्हणजे कॅन्सर?" क्रांतीनं विचारलं.

"रिपोर्ट आल्याशिवाय मी काही बोलणार नाही. मला एक सांगा, घाण वास कधीपासून येतोय?"

"आम्हाला माहीत नाही," क्रांती म्हणाली. "तिनं कधी..."

"चार वर्सं," केरबा म्हणाला.

क्रांतीनं बापाकडं बघितलं.

"चंद्रीला पयलं रेडकू झालं त्या वर्सी. मी बाज गोठ्यात न्हेली त्येच्या आधी एक महिना." डॉक्टरीणबाईंकडं नाही, समोरच्या भिंतीकडं बघून तो बोलत होता. "आधी नुसतं पांढरं जायाचं. मग पू."

"तुमाला ठावं हुतं?" क्रांतीचा आवाज चढला. "ठावं हुतं आन तुमी काय केलासा, बाज हलवली?"

"मला वाटलं, बायकांचं असतंय. उष्णता असंल. सब्जा पी म्हटलं तिला."

आता केरबा कोण हे सांगायला पाहिजे, म्हणजे ह्या उत्तराची लाज कळेल. म्हैस माजावर आली की जो चिकट पाझर टाकते त्याला गोठ्यात सोट म्हणतात. तो नुसता बघून केरबा सांगायचा, हा अंड्यातल्या पांढऱ्यासारखा निवळ हाय, भरवा म्हशीला. ह्यात पू हाय, पिशवी खराब हाय, आधी औषध करा. आजूबाजूच्या चार गावांतली माणसं त्याला गाडीवर बसवून न्यायची. पावणं, जरा आमची म्हैस बघा की. भर पावसात, जेवणावरनं उठून तो गेला होता. त्याच्या नाकाला आणि डोळ्यांना ते कळत होतं; घरात कळलं नव्हतं असं तो जोतिबासमोरही म्हणू शकला नसता.

"आबा," क्रांती म्हणाली, आणि बाकावर बसली. कारण तिचंही एक होतंच. तिच्या बाळंतपणाला आई वडगावला आली आणि तिसऱ्या दिवशी निघून गेली. म्हशी हायत, म्हणाली. सासू महिनाभर टोमणे मारत होती, आणि क्रांतीनं तेव्हापासून आईला मुक्कामाला ये म्हणून कधी आग्रह केला नाही. आता तिला आठवलं, निघायच्या सकाळी आईनं अंथरुणाची चादर स्वतः धुतली होती आणि गादी उन्हात उलटी टाकली होती. क्रांती तेव्हा खिडकीतनं ते बघत होती. बाळ रडलं म्हणून वळली आणि विसरून गेली.

अंबूबाई बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसली होती. रडत नव्हती ती एकटीच. "बाई," तिनं डॉक्टरांना विचारलं, "येळेवर आणली असती तर भोक पडलं नसतं?"

डॉक्टरीणबाईंनी तिघांची तोंडं बघितली. खोटं बोलावं असं त्यांना वाटलं असणार.

"नसतं पडलं," त्या म्हणाल्या.

*

बाविसाव्या दिवशी रिपोर्ट हातात पडला. कॅन्सर नव्हता. विश्वजितनं फोनवर सांगितलं तेव्हा निशिगंधा जुन्या घराच्या पायरीवर बसून ढसाढसा रडली. जुन्या घराच्या, कारण विठाबाईनं नव्या घरात जायला नकार दिला होता. लघवीची पिशवी निघू दे, मग येतो, म्हणाली. ती पिशवी लावूनच दवाखान्यानं घरी सोडलं होतं. भोक आपोआप बुजलं तर नशीब, नाही तर तीन महिन्यांनी ऑपरेशन. "पूर्वीसारखं होईल असं मी लिहून देत नाही," बाईंनी सांगून ठेवलं होतं.

लाल खुर्ची निशिगंधानं भंगारवाल्याला द्यायला काढली, तर विठाबाईनंच ती माघारी घेतली. सून मात्र आता तिच्या शेजारी जमिनीवर बसून भाजी चिरायची.

अंबूबाई रोज यायची. मधलं दार उघडलं होतं, बिजागऱ्यांना तेल घालावं लागलं. ती जावेचं अंग पुसायची, धडपी धुऊन अंगणातल्या दोरीवर चक्क उन्हात वाळत घालायची. सात वर्षं ती धडपी गोठ्यात बारदानाखाली ओली वाळत होती.

"लोकं बघत्यात की गं," विठाबाई म्हणाली.

"बघू देत. साठ माणसांत सांगून बसलीस, आता दोरीला काय लाजतीस?"

"अंबू, माफ केलंस नव्हं मला?"

अंबूबाई पिळे घालत राहिली. "न्हाय," ती शेवटी म्हणाली. "आन माझं मला बी केलं न्हाय. त्येला येळ लागंल. तू दूध पी."

त्या दिवशी संध्याकाळी धार काढायच्या वेळेला विठाबाई पहिल्यांदा गोठ्यापर्यंत चालत गेली. एका हातात पिशवी, दुसरा हात अंबूबाईच्या खांद्यावर. बाज गोठ्यात नव्हती. केरबानं ती पंधरा दिवसांपूर्वीच उचलून तिच्या खोलीत नेली होती. चार वर्षांनी नवरा दोन हातांवर झोपत होता आणि तिला धड झोप येत नव्हती, घोरतो म्हणून.

केरबा भिंतीशी पाठमोरा उभा होता. ती भिंत घरातल्या सगळ्यांच्या ओळखीची. गेली तीस वर्षं तो तिच्यावर खडूनं लिहायचा, एकेका म्हशीची एकेक ओळ. कधी माजावर आली, कधी भरवली, कधी व्यायची आहे, डॉक्टर परत कधी बोलवायचा. चंद्री. गवळण. मोरी. पावसाळ्यात खडू पुसट झाला की तो पुन्हा गिरवायचा.

आज त्याच्या हातात खडू नव्हता, दाराला लावून उरलेल्या ऑइलपेंटचा डबा होता. मोरीच्या खाली त्यानं सावकाश, लहान पोरासारखी जीभ बाहेर काढून लिहिलं होतं:

विठा. पिशवी काढणे, सोमवार, नऊ तारीख.
विठा. तपासणी, तीन महिन्यांनी.
विठा. त्यानंतर परत तीन महिन्यांनी.

विठाबाईला अक्षर लावून वाचायला वेळ लागला. मग ती हसायला लागली. आतल्या जखमा ताणल्या म्हणून कळवळली आणि तरी हसतच राहिली. "अवं, हे काय? मला म्हशींच्या रांगेत बसवलासा व्हय?"

केरबा वळला. त्याचे डोळे लाल होते, रंगाच्या वासानं म्हणा.

"त्या रांगेत आधीच बसवाय पायजे हुतीस," तो म्हणाला. "त्यातली एक बी तारीख मी कधी चुकीवलेली न्हाय."